सहायक प्रशिक्षकाची नोकरी

हदगाव तालुक्यातील ज्या तरुणांना बास्केटबॉलचा छंद जडला आहे आणि त्या छंदातच आपली उपजीविका शोधावी अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द लिहून ठेवणे मला कर्तव्य वाटते. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन गावी परतलेल्या मुलाला एखाद्या महाविद्यालयातून सहायक प्रशिक्षक म्हणून बोलावणे येते, आणि आज सहायक तर उद्या प्रमुख, असा हिशेब तो व त्याचे आईवडील मनाशी मांडतात. वस्तुस्थिती निराळी आहे. अनुदानित महाविद्यालयाच्या मंजूर पदांत शारीरिक शिक्षण संचालकाची जागा असते. सहायक प्रशिक्षकाची नसते. जी जागा शासनाच्या दप्तरी नाही, तिच्यावरून बढती कोठून होणार?

मीही असाच एका महाविद्यालयात तोंडी शब्दावर रुजू झालो. आमच्याकडची जमीन काळी आणि चिकट. पावसाळ्यात तिच्यावर चेंडू उसळत नाही, रुतून बसतो. त्यामुळे कबड्डी-खोखोच्या या मुलखात बास्केटबॉल रुजवायचा म्हणजे आधी अठ्ठावीस मीटर लांब व पंधरा मीटर रुंद अशा पक्क्या कोब्यासाठी दहा दारे झिजवावी लागतात. खेड्यापाड्यांतून येणारी मुले शेवटच्या एसटीची वेळ सांभाळून खेळत, आणि कापूसवेचणीच्या दिवसांत त्यांतली निम्मी शेतावर असत. तरीही संघ उभा राहिला. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यामुळे विद्यापीठाच्या संघात निवड होण्याची संधी आमच्या मुलांच्या घराजवळ आली होती, आणि त्यांनी ती साधली, याचा मला आजही अभिमान आहे.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आल्या की मुलांची छायाचित्रे, गुणपत्रिका, जन्मतारखेचे दाखले गोळा करून प्रवेशपत्रिका मी भरीत असे. सही संचालकांची व शिक्का प्राचार्यांचा, आणि नियमाने ते रास्तच होते. माझे मानधन क्रीडानिधीतून साध्या पावतीवर मिळे. हजेरीपटावर माझे नाव नव्हते. पुढे संचालक सेवानिवृत्त झाले, जागा दीर्घकाळ रिक्त राहिली, आणि शासनाची मंजुरी येऊन जाहिरात निघाली तेव्हा अर्जासोबत जोडण्यासाठी मी अनुभवाचा दाखला मागितला. उत्तर आले, की तुमच्या नेमणुकीचा हुकूमच जावक नोंदीत नाही, तेव्हा दाखला कशाच्या आधारावर द्यावा? उत्तर देणाऱ्या कारकुनाला मी दोष देत नाही. परंतु ज्यांनी माझ्या श्रमांवर जिंकलेले चषक दर्शनी कपाटात मांडले, त्यांना हुकुमाचा एक कागद काढावासा वाटला नाही, हा अन्यायच होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा खेळ ज्या देशात जन्मला तेथे सहायकाची परंपरा निराळी आहे. १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉलचा आरंभ केला. पुढे कॅन्सस विद्यापीठात त्यांच्याजवळ फॉग ॲलन शिकले, ॲलन यांच्या संघात डीन स्मिथ खेळले, आणि स्मिथ हे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रँक मॅग्वायर यांचे सहायक होऊन १९६१ साली त्याच जागी प्रमुख झाले. त्यांचे सहायक रॉय विल्यम्स यांनी तर शाळेतील कायम नोकरी सोडून १९७८ साली वर्षाला अवघ्या २,७०० डॉलरांवर काम पत्करले, प्रपंचासाठी दिनदर्शिका विकल्या, आणि दहा वर्षांनी कॅन्ससचे प्रमुखपद मिळवले. हालअपेष्टा तेथेही आहेत. परंतु कोणाच्या हाताखाली काय काम केले, हीच तेथे प्रमुखपदाची शिफारस ठरते. आपल्याकडे निवड पात्रतेच्या कागदांवर होते. रॉय विल्यम्स यांचे चरित्र वाचून भारावलेल्या मुलाने हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा.

ते कागद कोणते? महाविद्यालयातील कायम जागा हवी असेल तर शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी आणि त्यावर नेट वा सेट, अथवा पीएच.डी.; शिवाय स्वतः स्पर्धांत खेळल्याची प्रमाणपत्रे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत शारीरिक क्षमतेची चाचणीही आहे: तीस वर्षांपर्यंतच्या पुरुषाने बारा मिनिटांत १,८०० मीटर, आणि चाळिशीपर्यंत १,५०० मीटर अंतर धावत वा चालत कापले पाहिजे. याउलट प्रशिक्षकच व्हायचे असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका हा राजमार्ग आहे. ती पदविका कितीही मोलाची असली तरी महाविद्यालयाच्या जागेसाठी सेटच्या ठिकाणी चालत नाही. हे दोन रस्ते आरंभीच वेगळे ओळखावेत. सहायकाच्या मानधनावर वर्षे काढीत दोहोंच्या मध्ये उभे राहिलेल्या माणसाचे वय मात्र वाढत जाते. सहायकाचे काम करूच नये, असे मी म्हणत नाही. मुलांना शिकवण्याची कला तेथेच हाती येते. पण ते अभ्यासाच्या जोडीने करावे, दर संध्याकाळचा सराव आटोपल्यावर पुस्तक उघडावे, आणि मुदत मनाशी आधीच ठरवून घ्यावी.

रुजू होण्यापूर्वी प्राचार्यांच्या सहीचा हुकूम मागून घ्या, त्यात कामाचे स्वरूप, कालावधी व मानधन नमूद आहे की नाही ते पाहा, मानधन बँकेतून मागा, आणि प्रत्येक वर्ष संपताच त्या वर्षाचा दाखला घ्या. मागताना संकोच वाटतो, वडीलधाऱ्या सरांचा विश्वास नाही असे दिसेल की काय, अशी शंका येते, तरीही मागा. आणि संस्थाचालकांना माझी हात जोडून विनंती आहे: जो मुलगा तुमच्या मैदानावर संघ घडवतो आहे, त्याचे नाव या वर्षापासून हजेरीपटावर घ्या.