वासी उत्तरायणाचा ताप

अगं, मकरपुऱ्याच्या कारखान्यात शिफ्टची हजेरी आता तुझ्याकडे आली ना? मग जानेवारीत संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या ‘वासी उत्तरायणा’चा ताप बघशील. १४ला पतंग, १५ला अर्ध्या शिफ्टला ताप! नवरात्रातही तेच. बडोद्याच्या मुलीला हे मी काय सांगणार? त्यावर रक्त आटवू नकोस. अशा दिवशी सुट्टी द्या आणि ती आधीच ठरवून भरून घ्या, असं साहेबांना सुचव. म्हणजे कुणाला खोटं बोलावं लागणार नाही.

खरं सांगू, दांडी मारणाऱ्यांपेक्षा मला काळजी वाटते ती अंगात ताप असताना येणाऱ्यांची. हे लोक तुझ्या रजिस्टरात दिसतच नाहीत, उलट त्यांची हजेरी पूर्ण असते. का येतात? एक तर हजेरी बोनस. महिन्यात एक खाडा झाला की तो बुडतो. दुसरं म्हणजे ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, नियम. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. त्या बदल्यात आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे सहसा मिळत नाहीत, आणि साधा ताप तर दोन दिवसांचाच असतो! म्हणून माणूस गोळी घेऊन पॉवर प्रेसवर उभा राहतो. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी झापड येते, आणि प्रेस काही बोटांसाठी थांबत नाही. अशा माणसाला घरी पाठवायचं धाडस तुझ्यात हवं. त्या दिवसाचा पगार न कापता, बरं का.

नव्या पोरांना आणखी एक नीट सांग. भत्त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागतो. गल्लीतल्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गोत्रीच्या ईएसआय हॉस्पिटलात मागाहून खेटे घालण्यात अर्थ नसतो. शिवाय सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात ७८ दिवस भरलेले असावे लागतात. त्यामुळे कालच लागलेल्याच्या हाती भत्ता येत नाही. त्याचं कारखान्यानेच बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमचे एचआरवाले खाडे मोजायला ब्रॅडफर्डचं गणित काढतील. किती वेळा रजा घेतली त्याचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. एकदाच दहा दिवस पडून राहिलेल्याचे गुण १०. एकेक दिवसाचा खाडा दहा वेळा झाला तर थेट १,०००! सुटेसुटे खाडे कामाला जास्त नडतात, हे खरंच. पण अर्धशिशीवाली, पाळीत लोळणारी, डायलिसिसला जाणारा, हे सगळे त्याच हजारात सापडतात. हा आकडा बघून बोलावून विचारपूस कर. मेमो काढू नकोस. सोमवारीच खाडे होतात का, रात्रपाळीनंतर होतात का, एकाच सुपरवायझरच्या हाताखाली होतात का, तेही बघ. शेवटचं निघालं तर दुखणं त्या माणसाचं नाही, सुपरवायझरचं आहे.

टीबीचं मात्र लक्षात ठेव. ‘कळलं तर काढून टाकतील’ म्हणून लोक खोकला लपवतात. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. शिवाय दोन वर्षं सलग नोकरी आणि पुरेशी वर्गणी असेल, तर टीबीसारख्या लांबणाऱ्या आजारांत ईएसआय ८० टक्के देतं आणि मुदतही पुष्कळ वाढते. हे नोटीस बोर्डावर गुजरातीत आणि हिंदीत लावून टाक. ज्याला हवं तो गुपचूप वाचेल.

कामावर परतलेल्याला पहिल्या दिवशी बाजूला घेऊन दोन मिनिटं बोल. ‘काय झालं होतं?’ असं विचारूच नकोस. ‘आता उभ्याने जमेल का? काही दिवस पॅकिंगला बसवू का?’ एवढंच विचार. आजाराचं नाव त्याला सांगायचं तर तो सांगेल; तू ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाऊ देऊ नकोस. आणि २०२४च्या ऑगस्टसारखं विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तर महिनाभर ब्रॅडफर्ड कपाटात ठेव. तेव्हा कोण तापाने पडलंय आणि कोण घरातला चिखल उपसतंय, हे विचारत बसू नये.

हजेरी बोनसचं मात्र याच महिन्यात साहेबांकडे काढ. दाखला असलेल्या आजारपणात तो कापायचा नाही, एवढं लेखी घे.