मधुमेह, रक्तदाब आणि ‘ड’ जीवनसत्त्व



परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मधुमेह आणि रक्तदाब हे दोन्ही विकार होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला तो एका डॉक्टरशी, आणि पुढील काळात माईसाहेबांनी त्यांच्या औषधपाण्याकडे व पथ्याकडे जातीने लक्ष दिले. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अवघ्या ५३ दिवसांनी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. म्हणून या दोन आजारांचा विषय आपल्याला परका नाही.

अलीकडे विहारात वंदनेनंतर गप्पा निघाल्या की एक गोष्ट हमखास कानावर येते. रक्त तपासले, ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघाले, आता पुडी घेतो, म्हणजे प्रेशरची गोळी बंद केली तरी चालेल! हे ऐकून आम्हाला काळजी वाटली, म्हणून हा लेखप्रपंच.

‘ड’ जीवनसत्त्व मुख्यतः उन्हामुळे आपल्या कातडीत तयार होते. मग भर उन्हाच्या देशात ते कमी का? भिवंडीकडेच पाहा. बारा-बारा तासांची पाळी यंत्रमागाच्या छपराखाली जाते. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो. आम्हा बँकेत बसणाऱ्यांचेही तेच, फक्त पंखा जास्त. काचेतून येणारे ऊन यासाठी उपयोगाचे नाही. सावळ्या कातडीला ऊन जास्त वेळ लागते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचे ऊन कामाचे. सकाळी सातचे कोवळे ऊन मनाला बरे वाटते एवढेच. अन्नातून ते थोडेच मिळते, मासळी आणि अंड्याचा पिवळा बलक यांतून.

आता रक्तदाबाशी संबंध. मूत्रपिंडातून रेनिन नावाचा पदार्थ स्रवतो आणि त्याच्या साखळीने रक्तदाब वाढतो. ‘ड’ जीवनसत्त्व रेनिनला आवर घालते, असे २००२ साली उंदरांवरील प्रयोगात दिसले. तेव्हापासून आशा वाढली. पण गोष्ट उलटीही असू शकते. हे जीवनसत्त्व शेवटी कामाचे बनते ते मूत्रपिंडात. जुन्या मधुमेहाने मूत्रपिंड बिघडले की एकीकडे रक्तदाब चढतो आणि दुसरीकडे कामाचे ‘ड’ घटते. लठ्ठ माणसात मधुमेह, रक्तदाब आणि ‘ड’ची कमतरता तिन्ही एकत्र आढळतात. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

२०१५ साली अमेरिकेत रक्तदाब वाढू लागलेल्या, ‘ड’ कमी असलेल्या ५३४ जणांची चाचणी झाली. निम्म्यांना रोज ४००० युनिट, बाकीच्यांना ४०० युनिट. सहा महिन्यांनी रक्तदाबात फरक नाही. मधुमेहींवरील लहान चाचण्यांत कुठे वरचा आकडा थोडासा उतरला, कुठे नाही. एवढ्यावर गोळी सोडता येत नाही.

उलट गोळीचे काम पाहा. ब्रिटनमध्ये ११४८ मधुमेही रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. एका गटाचा रक्तदाब सरासरी १५४/८७ राहिला, दुसऱ्याचा औषधांनी १४४/८२ पर्यंत आणला. फरक दहाचाच! पण दुसऱ्या गटात मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी आणि पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. घरचा कर्ता माणूस अर्धांगाने अंथरुणाला खिळला तर मुलांच्या शिक्षणाचे काय होते, हे विद्यार्थी वाचकांना आम्ही सांगायला नको.

मग कमतरता तशीच ठेवायची का? नाही. हाडांसाठी आणि स्नायूंसाठी ती भरून काढलीच पाहिजे. मात्र ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच असते. ती रोज घेण्याची चूक होते. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही. अति झाले की रक्तात कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते. मधुमेहीचे मूत्रपिंड आधीच नाजूक. म्हणून दुकानातून परस्पर पुडी आणू नये. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. त्यात पापड, लोणचे आणि खारवलेली मासळीही धरावी. डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटे आणि जुने कागद एका पिशवीत घालून न्यावेत, आणि कोणती गोळी चालू ठेवायची, कोणती थांबवायची, हे त्यांच्याच हाताने कागदावर लिहून घ्यावे.