आईच्या मांडीवरील शाळा व चित्रांचें पुस्तक

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमध्यें एक समजूत फार खोल रुजलेली आहे. ती अशी कीं, मुलास अक्षरें शिकविणें हें शाळेचें काम होय, आणि ज्या घरीं आईबापांस स्वतः वाचतां येत नाहीं त्या घरीं तर या कामाचा विचारही करूं नये. मूल सहा वर्षांचें झालें म्हणजे त्यास न्हाऊं घालून, धुतलेला सदरा चढवून गुरुजींच्या स्वाधीन करावें. पुढें गुरुजी जाणोत आणि मूल जाणो. या समजुतीचा परिणाम काय होतो हें प्रत्येक उपदेशकानें पाहिलें आहे. जें लेंकरूं घरीं दिवसभर बडबड करितें, वासरांस नांवानें हांका मारितें, तेंच पुस्तक पुढें येतांच मुकें होतें. पान कोणत्या बाजूनें उलटावें हेंही त्यास ठाऊक नसतें. दोन महिन्यांत त्यास ‘मठ्ठ’ हें नांव मिळतें. आणि ती मुलगी असली तर ‘हिच्या डोक्यांत कांहीं शिरत नाहीं, घरीं धाकट्यास तरी सांभाळील’ असें कोणीतरी म्हणतो व तिचें शिक्षण तेथेंच खुंटतें. पुढें तीच मुलगी मंडळींत मोठी होते, उपासनेस नेमानें येते, परंतु दुसऱ्यानें वाचून दाखविल्यावांचून तिला शास्त्रांतील एक ओळही कळण्याचा मार्ग राहत नाहीं.

आमचें म्हणणें असें कीं, हा दोष मुलाच्या बुद्धीचा नव्हे. मुलाची व पुस्तकाची ओळख घरीं झालेली नसते, एवढेंच. आणि ही ओळख निरक्षर आईलाही करून देतां येते. ती कशी, हें या पाठांत एका जुन्या पुस्तकाच्या आधारें पाहूं.

तें पुस्तक म्हणजे यान आमोस कोमेनियस यांचें ‘ऑर्बिस पिक्टस’, म्हणजेच ‘चित्रमय जग’. तें इ. स. १६५८ सालीं जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं छापून निघालें, आणि मुलांकरितां मुद्दाम तयार केलेल्या चित्रपुस्तकांत त्याची गणना अगदीं पहिल्यांत होते. कोमेनियस हे कोणी दरबारी पंडित नव्हते. ते १५९२ सालीं मोराव्हिया प्रांतांत, म्हणजे हल्लींच्या चेक देशांत, जन्मले. लहानपणींच आईबाप वारल्यामुळें लॅटिन शाळेचा उंबरठा त्यांनीं ओलांडला तो सोळाव्या वर्षीं. यान हूस यांस १४१५ सालीं जिवंत जाळण्यांत आलें. त्यांच्या अनुयायांतून जी ‘बंधुमंडळी’ उदयास आली तिचे कोमेनियस हे पाळक होते व १६३२ सालीं ते तिचे बिशप झाले. १६२० नंतर त्यांच्या देशांत प्रॉटेस्टंट लोकांचा छळ सुरू झाला. त्या धामधुमींत त्यांची पत्नी व दोन मुलें वारलीं. १६२८ सालीं कायमचा देशत्याग करावा लागला. आणि १६५६ सालीं पोलंडांतील लेश्नो गांव जाळला गेला तेव्हां त्यांच्या पुष्कळ हस्तलिखितांची राख झाली. चित्रपुस्तक वांचलें. तें त्यांनीं हंगेरींतील शारोश्पाटक येथें शिकवीत असतां तयार केलें होतें. परंतु लांकडावर चित्रें कोरणारा कुशल कारागीर तेथें न मिळाल्यामुळें तें छापून निघण्यास वर्षें लागलीं.

याच गृहस्थांनीं त्यापूर्वीं, १६३३ सालीं, बालशिक्षणावर एक लहान ग्रंथ छापविला होता. त्यांत मुलाच्या पहिल्या सहा वर्षांस त्यांनीं आईची शाळा म्हटलें आहे. ही कल्पना कोणास नवी वाटल्यास त्यानें तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा पहिला अध्याय उघडावा. तीमथ्याच्या विश्वासाचा उगम पौल कोणत्याही विद्यालयांत दाखवीत नाहीं. लोईस आजी व युनीके आई यांच्या घरांत दाखवितो.

आतां पुस्तकाकडे वळूं. त्यांत सुमारें दीडशें प्रकरणें आहेत. प्रत्येक प्रकरणास एक चित्र. चित्रांतील वस्तूंवर लहान लहान आंकडे. आणि मजकुरांत त्या त्या वस्तूच्या नांवापाशीं तोच आंकडा. त्यामुळें मुलाचें बोट चित्रावरून शब्दावर व शब्दावरून पुन्हां चित्रावर जातें. आरंभीं देवाविषयीं प्रकरण, शेवटीं अंतिम न्यायाविषयीं. आणि या दोहोंमध्यें आकाश, अग्नि, पाणी, झाडें, पक्षी, नांगरणी, गुरें राखणें, मध काढणें, दळण, भाकरी भाजणें, शिंपी, चांभार, कुंभार असें सगळें जग. शेतकरी व कारागीर यांचीं कामें ज्ञानाच्या पुस्तकांत मानानें बसविणारा हा बिशप आम्हांस फार आवडतो. मात्र त्याचीं सगळींच पानें लहान मुलांच्या उपयोगाचीं आहेत असें नाहीं. आत्म्याचें चित्र त्यानें ठिपक्यांच्या मनुष्याकृतीनें दाखविलें आहे, तें मोठ्यांसही कोड्यांत टाकील. आणि गुन्हेगारांच्या शिक्षांचें पान तर लेंकरांपुढें न उघडलेलेंच बरें.

या पुस्तकाचा उपयोग कसा करावा हें त्यांनीं प्रस्तावनेंत सांगितलें आहे, आणि आमच्या पाठाचें सार तेथेंच आहे. मूल शाळेंत जाण्यापूर्वींच तें घरीं त्याच्या हातीं द्यावें व चित्रें मनसोक्त पाहूं द्यावींत. मग अधूनमधून, हें काय, तें काय, असें विचारावें. म्हणजे जें दिसतें त्याचें नांव त्यास सांगतां यावें, आणि ज्याचें नांव तें घेतें तें त्यास दाखवितां यावें. शक्य तेथें चित्राबरोबर खरी वस्तु पुढें ठेवावी. आणि मुलास चित्र काढून पाहावेंसें वाटल्यास त्यास आडवूं नये, उलट उत्तेजन द्यावें. यांपैकीं कोणत्या कामास आईला अक्षर येणें अवश्य आहे? एकाही नाहीं.

मूळ पुस्तक आपल्या गांवीं मिळणार नाहीं, आणि त्याची गरजही नाहीं. मराठींत सोपीं व स्वस्त चित्रपुस्तकें आतां पुष्कळ आहेत; १९५७ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टनें व २००४ सालीं निघालेल्या प्रथम बुक्सनें अशीं कितीतरी काढलीं आहेत. तींही न मिळाल्यास शब्बाथ शाळेंतील चित्रें, जुन्या दिनदर्शिकांचीं पानें, खोक्यांवरील चित्रें कापून सुईदोऱ्यानें शिवावींत. असें घरीं शिवलेलें पुस्तक मुलास विकतच्या पुस्तकाहून अधिक प्रिय होतें.

संध्याकाळीं जेवणें आटोपल्यावर दहा मिनिटें मुलास मांडीवर किंवा शेजारीं घ्यावें. पुस्तक त्याच्या हातीं द्यावें. पानेंही त्यासच उलटूं द्यावींत. समजा, विहिरीचें चित्र आहे. आईनें विचारावें, “हें काय रे?” मूल म्हणेल, “विहीर.” आईनें म्हणावें, “होय, खोल विहीर. पाणी कोण शेंदतंय?” “आजी.” “आजी दोरानें पाणी शेंदते आहे. तिची घागर कुठं आहे, दाखव बरं.” एवढेंच. मुलाचा एक शब्द आईनें दोनचार शब्दांचा करून परत द्यावा, आणि पुढचा प्रश्न विचारून थोडें थांबावें. हें थांबणें फार महत्त्वाचें आहे. आपल्याकडे प्रश्न विचारून उत्तरही आपणच देण्याची खोड फार.

अलीकडच्या संशोधनानेंही हीच गोष्ट सिद्ध केली आहे. अमेरिकेंत व्हाइटहर्स्ट व त्यांचे सहकारी यांनीं सुमारें दोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या आयांस अशा रीतीनें चित्रपुस्तक दाखविण्यास शिकविलें, व त्याचा परिणाम १९८८ सालीं प्रसिद्ध केला. कांहीं मुलांस नेहमींच्या पद्धतीनें नुसतें वाचून दाखविलें जाई, आणि कांहींस प्रश्न विचारून, त्यांचें उत्तर वाढवून बोलतें केलें जाई. एका महिन्यांतच या दुसऱ्या मुलांचें बोलणें पहिल्यांच्या पुढें गेलें. मोबाईलवरील हलतीं चित्रें दाखवून मूल शांत बसविणाऱ्या आईबापांनीं येथें थोडा विचार करावा. तें यंत्र मुलाच्या उत्तराची वाट पाहत नाहीं.

दुसरें काम कानाचें. कोमेनियस यांनीं आपल्या पुस्तकाच्या आरंभीं वर्णमाला दिली आहे, ती मोठी मौजेची आहे. प्रत्येक अक्षरापुढें एक प्राणी किंवा वस्तु, आणि तिचा आवाज तोच त्या अक्षराचा उच्चार. कावळा ओरडतो, कोंकरूं बें बें करितें, वारा फुंकतो, साप फूत्कारतो, मूल रडतें, गाडीवान जनावरांस हांक देतो. आपल्या अंगणांत ही वर्णमाला फुकट मिळते. कावळ्याचा ‘का का’ ऐकवून ‘क’, चिमणीच्या ‘चिव चिव’मधून ‘च’, कुत्र्याच्या ‘भुं भुं’मधून ‘भ’, टिटवीच्या ओरडण्यांतून ‘ट’. मूल आवाज काढील, हंसेल, आणि न कळत शब्दाचा पहिला ध्वनि वेगळा ऐकूं लागेल. वाचन येण्यास हेंच कौशल्य फार लागतें. ज्याच्या कानास ‘कणीस’ व ‘कुदळ’ यांचा आरंभ सारखा ऐकूं येत नाहीं, त्यास फळ्यावरील ‘क’ हें नुसतें वेडेंवांकडें चिन्हच वाटणार. म्हणून शेंगा फोडतांना, निंदणी करतांना हा खेळ खेळावा: “‘क’वरून आणखी काय?” काका, कोंबडी, कुऱ्हाड, कांदा. कधीं शब्दाचे तुकडे टाळ्यांवर पाडावेत: वि-ळा, दोन टाळ्या, ब-टा-टा, तीन टाळ्या. याला पुस्तकही नको.

तिसरें काम हाताचें. ओल्या मातींत काडीनें, ताटांत पसरलेल्या राखेंत बोटानें, सारवलेल्या भुईवर खडूनें मुलास रेघा ओढूं द्याव्यात. चित्रांतलें मडकें त्यानें काढलें व तें भोपळ्यासारखें दिसलें तरी हंसूं नये. चार वर्षांच्या मुलाकडून पाटीवर शंभर वेळां ‘अ’ गिरवून घेणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. त्यानें हात दुखतो आणि मन विटतें. अक्षर शिकवावयाचेंच तर मुलाच्या स्वतःच्या नांवाचें पहिलें अक्षर आधीं शिकवावें. मग घरांतल्या थोरल्या भावाकडून किंवा उपदेशकाकडून ‘दार’, ‘चूल’, ‘घागर’ असे शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून घ्यावेत व भाताच्या खळीनें त्या त्या वस्तूंवर किंवा जवळच्या भिंतीवर चिकटवावेत. कोमेनियस यांच्या आंकड्यांचें काम हे कागद करितील. खरी वस्तु हातीं देण्याचें त्यांचें तत्त्व आपल्या प्रांतांतही कसास लागलें आहे: ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डी येथें व पुढें कोसबाड येथें आदिवासी मुलांस बिया, पानें, शिंपले, खडे यांच्याच साहाय्यानें शिकविलें.

भाषेविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आमच्या कित्येक मंडळ्यांत घरची बोली अहिराणी, पावरी, वारली किंवा कोंकणी असते, आणि पुस्तकाची मराठी निराळी. अशा घरीं आई चित्राचें नांव आपल्या बोलींत घेण्यास लाजते; तिला वाटतें, आपण मुलास चुकीचें शिकवीत आहों. ही लाज सोडावी. कोमेनियस यांच्या पानावर लॅटिनच्या शेजारीं मुलाची मायबोली जर्मन छापलेली आहे. त्या काळीं विद्येची भाषा लॅटिन असतांही मायबोलीस त्यांनीं शेजारीं मानाची जागा दिली. म्हणून आधीं घरचें नांव घ्यावें, आणि मग शाळेंत यास काय म्हणतात तें सांगावें. ज्या मुलास एका वस्तूचीं दोन नांवें येतात तें गरीब झालेलें नाहीं.

पुस्तक फाटेल म्हणून तें ट्रंकेंत कुलुपांत ठेवणारीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. वाळवीनें खाल्लेल्या पुस्तकापेक्षां मुलानें हाताळून फाटलेलें पुस्तक केव्हांही चांगलें. तें कापडी पिशवींत घालून मुलाच्या हातास लागेल अशा खुंटीस टांगावें. पाहुण्यांपुढें मुलाची परीक्षा घेऊं नये. आणि हें काम एकट्या आईवर टाकूं नये. बापाच्या मांडीवर बसलेल्या मुलीस पुस्तकाविषयीं जो भरंवसा वाटतो तो शब्दांनीं देतां येत नाहीं. मूल अंगणवाडींत जात असलें तरी घरचीं हीं दहा मिनिटें चुकवूं नयेत.

उपदेशक बंधूंनीं हा पाठ मातांच्या सभेंत वाचून दाखवावा, पण तेवढ्यावर थांबूं नये. एक चित्रपुस्तक सभेंत फिरवावें व प्रत्येक बाईस एक एक पान घेऊन शेजारणीच्या मुलाशीं बोलावयास सांगावें. जी म्हणेल, “मला कांहीं येत नाहीं,” तिच्या हातीं नांगरणीचें किंवा दळणाचें पान द्यावें. त्या पानाविषयीं तिच्याजवळ शहरांतील शिक्षकापेक्षां अधिक बोलण्यासारखें निघेल. पांचसात पुस्तकें मंडळीच्या पेटींत ठेवून दर आठवड्यास घरोघर बदलावींत, आणि कोणाकडे कोणतें गेलें तें वहींत लिहावें. सही येत नसलेल्या आईचा अंगठा घेण्याची घाई मात्र करूं नये. तूर्त तिच्या नांवापुढची जागा मोकळी ठेवावी; मुलाबरोबर कांहीं महिने त्याच पानांवर बोट फिरविल्यावर निदान आपल्या नांवाचें पहिलें अक्षर ती तेथें स्वतः काढील, अशी आम्हांस आशा आहे.