रोवनची हौस आणि खानदेशचा मे महिना

रोवन हे युरोपातल्या थंड मुलखातले, सफरचंदाच्या कुळातले आटोपशीर झाड. लालभडक फळांनी लगडलेला त्याचा फोटो पाहिला की दारात एखादे असावे असे कुणालाही वाटते. तरीही जळगाव-धुळ्यात ते लावू नये, असेच मी सांगेन. धुळ्यात पारा कधी सहा-सात अंशांवर उतरतो, मग थंडी कुठे कमी पडते, असे विचारले जाते. पण ती थंडी पहाटेची; दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो. रोवनचे बी रुजायला आणि झाडाची सुप्तावस्था मोडायला सलग कित्येक आठवड्यांचा गारवा लागतो. शिवाय आपली काळी माती चुनखडीची. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. कोवळे पान पिवळे पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पावसाळ्यात हीच माती पाणी धरून बसते आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

ठिबक आणि हिरवी जाळी लावून भागेल, हा दुसरा आक्षेप. याचे उत्तर रावेर-यावलच्या केळीबागांत आहे. तिथे पाण्याची सोय असूनही उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यापासून बाग वाचवायला शेतकरी कडेने शेवरी किंवा उंच गवत लावतात. पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा केळीसारखे उष्ण प्रदेशातले पीकही करपते. तिथे बर्फाळ प्रदेशातल्या झाडाचा निभाव कसा लागणार?

फळे आणि पाखरे हवी असतील तर गोंदणी लावा. झाड लहान, कोरड्या हवेला काटक, आणि पिकलेल्या नारिंगी फळांवर बुलबुल हमखास येतात. फुलांची हौस असेल तर बहावा. ऐन उन्हाळ्यात, पाने झडलेली असताना, तो पिवळ्या घोसांनी भरून जातो. काही दिवस झाड उघडे दिसते, ही तक्रार खरी आहे, पण पाने गाळून पाणी वाचवतो म्हणूनच तो इथे तगतो. खड्डा मे महिन्यातच दोन फूट खोल खणून तापू द्या, भरताना शेणखताबरोबर थोडा मुरूम मिसळा, बुंध्याशी पाणी साचणार नाही एवढा उंचवटा ठेवा आणि चांगला पाऊस झाल्यावर रोप लावा. पहिले दोन उन्हाळे मात्र पाणी चुकवू नका.