समुपदेशनातला उपदेश वजा केल्यावर

‘मानसशास्त्र घ्यायचं म्हणते. पण त्यात पुढे काय आहे?’

बारावीच्या निकालानंतरच्या दिवसांत करिअर मार्गदर्शकासमोर बसलेली आई हे वाक्य जरा दबक्या आवाजातच बोलते. शेजारी बसलेल्या मुलीने या विषयावर बरंच वाचलेलं असतं, चार व्हिडिओ पाहिलेले असतात आणि तिचं मन ठरलेलं असतं. वडील गप्प असतात. त्यांच्या मनात दोन शंका असतात. पोटापाण्याचं काय, ही पहिली. ती आईने बोलून दाखवलेली असते. दिवसभर लोकांची दुःखं ऐकून आपल्या पोरीचं काय होईल, ही दुसरी शंका मात्र बहुतेक वेळा न बोलताच घरी परत जाते.

दोन्ही शंका रास्त आहेत. दोन्हींची उत्तरंही आहेत. मात्र त्याआधी कोण कोण आहे, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण या क्षेत्रात बहुतेकांची फसगत नावांच्या गोंधळातूनच होते.

मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो. एम.बी.बी.एस. करून पुढे मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, औषधं लिहून देऊ शकणारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्राच्या वाटेने येतो. तो मानसशास्त्रीय चाचण्या घेतो, निदानाला हातभार लावतो, मानसोपचार करतो, पण गोळ्या देत नाही. समुपदेशक शाळेत, न्यायालयात, व्यसनमुक्ती केंद्रात किंवा स्वतःच्या खोलीत बसून माणसाला त्याच्या अडचणीतून वाट शोधायला मदत करतो. यातल्या कुणी पीएच.डी. केली की त्याच्या नावामागेही ‘डॉ.’ लागतं आणि गोंधळ आणखी वाढतो. शेजारीपाजारी तर तिघांनाही सरसकट ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हणून मोकळे होतात.

आता कायद्याचं. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. ही परिषद १९९२च्या कायद्याने उभी राहिली. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या दिली आहे, आणि ती मान्यताप्राप्त शिक्षण व प्रत्यक्ष रुग्णांसोबतचं, देखरेखीखालचं प्रशिक्षण यांवर उभी आहे. याचा साधा अर्थ असा, की मानसशास्त्रात एम.ए. झालं म्हणजे माणूस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झाला असं नाही, मग एम.ए.च्या प्रमाणपत्रावर ‘क्लिनिकल’ हा शब्द छापलेला का असेना. त्या अभ्यासक्रमाला पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, एवढं एकच इथे पाहायचं. ही गोष्ट पदवीच्या पहिल्या वर्षात कळली तर पुढचं नियोजन करता येतं. एम.ए.च्या शेवटी कळली तर दोन वर्षं गेली असं वाटू लागतं. दुर्दैवाने पुष्कळ मुलांना ती शेवटीच कळते.

आजवरची वाट अशी होती: बी.ए., मग एम.ए., मग परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत दोन वर्षांचं एम.फिल. बंगळुरूची निम्हान्स आणि रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था ही त्यातली मोठी नावं. जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या आणि अर्ज ढिगाने, अशी तिथली परिस्थिती. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही पदवीच बंद झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने या विषयासाठी तिला २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली, आणि पुनर्वास परिषदेने दरम्यान चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स, त्यापुढे क्लिनिकल सायकॉलॉजीचं स्वतंत्र एम.ए. अशी नवी रचना आणली. सध्याची मुलं या बदलाच्या ऐन मध्यावर उभी आहेत. चार वर्षांपूर्वी चुलत बहिणीने जे केलं तेच आपणही करू, हा हिशोब आता चालणार नाही. प्रवेश घेण्याआधी परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांची त्या वर्षीची यादी स्वतः उघडून पाहावी, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

समुपदेशनाच्या बाजूला इतकी वर्षं कुंपणच नव्हतं. कुणीही पाटी लावावी. सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र घेऊन ‘लाइफ कोच’ आणि ‘समुपदेशक’ अशी दोन्ही बिरुदं मिरवणारी माणसं गावोगाव दिसतात. २०२१मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला आणि त्यात मानसशास्त्र व वर्तनविषयक आरोग्य व्यवसायांनाही जागा मिळाली. त्याचा एक परिणाम लगेच जाणवला: मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून बंद करण्याचा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने घेतला. नोकरी सांभाळून घरबसल्या एम.ए. करू पाहणाऱ्यांना, विशेषतः लग्नानंतर शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्या बायकांना, हा निर्णय जाचला, आणि त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. तरीही समोर माणूस बसवल्याशिवाय हे शास्त्र येत नाही, हा त्यामागचा विचार बरोबर आहे. आज कुणी या विषयाची नवी ‘ऑनलाइन डिग्री’ विकत असेल, तर तिथे पैसे भरण्याआधी दहा वेळा विचार करावा.

प्रत्यक्ष वर्गात काय शिकवतात, याबद्दल मुलांच्या कल्पना सिनेमातून आलेल्या असतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे ‘देवराई’ आणि ‘कासव’ पाहून या विषयाकडे ओढलेली मुलं आहेत, आणि ती ओढ खरी आहे. पण पहिल्या वर्षात भेटतात ते मेंदूचे भाग, अवधान, स्मृती, अध्ययनाचे नियम. पुढे संख्याशास्त्र येतं आणि गणित सुटलं म्हणून खूश होऊन कला शाखेत आलेल्यांचे चेहरे उतरतात. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, सार्थकता यांच्यापासून सुटका नाही, कारण एखादी उपचारपद्धती खरंच उपयोगी पडते की पडल्यासारखी वाटते, हे ठरवायला दुसरं साधन नाही. मग प्रात्यक्षिकं. आरशात पाहून ताऱ्याच्या आकृतीवरून पेन्सिल फिरवायची आणि चुका मोजायच्या. निरर्थक अक्षरसमूह पाठ करून घ्यायचे. प्रत्येक प्रयोग जर्नलमध्ये नीट लिहायचा. दिसायला हा खेळ आहे. पण समोरच्याला सूचना कशा द्यायच्या, त्याला उत्तर सुचवायचं कसं नाही, आणि आपल्याला जे दिसावंसं वाटतं त्याऐवजी जे घडलं तेच कसं नोंदवायचं, याची पहिली सवय तिथेच लागते.

चाचण्यांच्या तासाला आपल्या भागाचा इतिहासही भेटतो. पाश्चात्त्य मुलांसाठी रचलेली बुद्धिमत्ता कसोटी जशीच्या तशी इथल्या मुलांना देता येत नाही, हे ओळखून धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने कसोटीचं कन्नड आणि मराठी रूपांतर केलं. ‘बिने-कामत’ हे नाव आजही रुग्णालयांच्या अहवालांत दिसतं. फादर आर्थर मलिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी दुसरी कसोटी घडवली. आप्पा पेंडसे यांनी १९६२मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमत्तेच्या अभ्यासातूनच. मानसशास्त्र हे परदेशी खूळ आहे, असं म्हणणाऱ्या आजोबांना हे जरूर सांगावं.

आणि इथून या विषयाच्या गाभ्याकडे येता येतं. गाभा आहे भाषेचा.

‘समुपदेशन’ या शब्दातच उपदेश आहे. काम मात्र उपदेश न करण्याचं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं, की सल्ला देणाऱ्यापेक्षा नीट ऐकणारा माणूस जास्त उपयोगी पडतो. वाचायला सोपं वाटतं. करून पाहिलं की कळतं. भूमिकाभिनयाच्या सरावात एक विद्यार्थी क्लायंट होतो, दुसरा समुपदेशक, आणि पहिल्या दोन मिनिटांतच समुपदेशकाच्या तोंडून निघतं, ‘तू असं का नाही करत?’ आपल्या घरांत माया आणि काळजी सल्ल्यातूनच व्यक्त होते. मावशी, काका, शिक्षक सगळे तेच करतात. मैत्रिणी सगळं मलाच येऊन सांगतात, म्हणून मी चांगली समुपदेशक होईन, असं म्हणणाऱ्या मुलीने आपण किती ऐकतो आणि किती शिकवतो, हे आठवडाभर तपासून पाहावं. उत्तर काहीही आलं तरी हरकत नाही, ऐकणं शिकता येतं. मात्र ते शिकण्याला वर्षं लागतात.

दुसरी गोष्ट, पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि दुःख मराठीत बोलतं. बाह्यरुग्ण विभागात येणारी बाई ‘मला नैराश्य आहे’ असं म्हणत नाही. तिला करमत नसतं, डोकं गच्च झालेलं असतं, छातीत धस्स होत असतं, जीव थाऱ्यावर नसतो. सुरुवातीला ती अंगदुखीच्या गोळ्या घेऊन आलेली असते, मधे कुणीतरी ‘बाहेरचं’ आहे म्हणून अंगारा दिलेला असतो. तिला ‘जीव थाऱ्यावर नाही’ म्हणजे नेमकं काय होतं, दिवसा की रात्री, घरात कोण असताना, हे तिच्याच बोलीत विचारता आलं, तर पुढचं दार उघडतं. कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांची उपचारपद्धती इथे रुजवली, तेव्हा ‘विवेकनिष्ठ’ हा मराठी शब्द तिला लाभला. त्यामुळे ती अनेक घरांत पोचली. मराठी माध्यमातून आलेली, इंग्रजी वर्गात मागच्या बाकावर अंग चोरून बसणारी मुलं या विषयात स्वतःला उगाच कमी लेखतात. इंग्रजी त्यांना मेहनतीने शिकावंच लागेल, त्यात सवलत नाही. पण वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी कानावर घेऊन वाढलेल्या समुपदेशकाची गरज या राज्याला फार आहे, आणि तो कान कुठल्याही शिकवणीत मिळत नाही.

स्थानिक माणूस किती कामाला येतो, हे गोव्यात सप्रमाण दिसलं. १९९६मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं आणि नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ सत्रांचं समुपदेशन करायला आरोग्य केंद्रांत बसवलं. रुग्णांना फायदा झाला, आणि तो अभ्यास २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. मग विद्यापीठाची पदवी कशाला, असं कुणी विचारेल. त्या माणसांमागे काय होतं ते पाहावं: ठरलेली उपचार पुस्तिका, ध्वनिमुद्रित सत्रं एकत्र बसून ऐकून एकमेकांना गुण देण्याची शिस्त, आणि अडलं तर विचारायला तज्ज्ञ. ती पुस्तिका लिहायला, ती तपासायला, त्या माणसांना घडवायला शिकलेले मानसशास्त्रज्ञच लागले.

आता पोटापाण्याकडे. निम्हान्सने २०१५-१६मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबाबत निर्देश देताना १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं सांगितलं. कोचिंग क्लासही त्यात आले. कुटुंब न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. सरकारी रुग्णालयांत एचआयव्ही चाचणीच्या केंद्रावर समुपदेशक असतो. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर प्रशिक्षित समुपदेशकच फोन उचलतात. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, त्याआधीच्या तपासणीत मानसशास्त्रज्ञाचं काम असतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, मानसिक आरोग्याचं काम करणारी ठाण्याची आय.पी.एच. आणि पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र यांसारख्या संस्था आहेत. ज्यांना उपचारांत रस नाही त्यांना कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत, ग्राहक संशोधनात, क्रीडा मानसशास्त्रात वाव आहे.

गरज मोठी आहे म्हणून पगार मोठा आहे, असं मात्र समजू नये. अनेक पदं कंत्राटी असतात. एम.ए. होऊन पहिली काही वर्षं ओढाताणीची जातात. खासगी व्यवसाय बसायला वेळ लागतो, कारण तो माणसांच्या विश्वासावर चालतो. अभियांत्रिकीसारखी चौथ्या वर्षी कॉलेजात कंपनी येत नाही. हे आईवडिलांनी आधी ऐकून घ्यावं आणि पंचविशी उलटेपर्यंत मुलीला किंवा मुलाला आधार देण्याची तयारी आहे का, हे घरात मोकळेपणी बोलावं. नसेल, तर बी.ए.नंतर नोकरी आणि मग पुढचं शिक्षण हीसुद्धा चांगली वाट आहे. वयाने थोडी मोठी, जग पाहिलेली मुलं समुपदेशनाच्या वर्गात जास्त लवकर रुळतात.

राहिली वडिलांची न बोललेली शंका. दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्याला त्याचा त्रास होतोच. म्हणून तर या व्यवसायात सुपरव्हिजन नावाची व्यवस्था आहे: समुपदेशकाने आपली प्रकरणं, क्लायंटची ओळख उघड न करता, नियमितपणे अनुभवी व्यक्तीसमोर ठेवायची. आपल्याला कशाचा राग आला, कशाने झोप उडाली, हेही तिथे बोलायचं. चांगले अभ्यासक्रम विद्यार्थ्यांनी स्वतः समुपदेशन घ्यावं यासाठी आग्रह धरतात. घरातला आजार, वडिलांचं व्यसन किंवा स्वतःचा कठीण काळ यांतून या विषयाकडे वळलेली मुलं पुष्कळ असतात, आणि ती त्यांची कमतरता मुळीच नव्हे. १९८६मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात व्यसनातून बाहेर पडलेली माणसं पुढे समुपदेशक झाली आहेत. फक्त आपली जखम आधी भरायला वेळ द्यावा लागतो. ती उघडी ठेवून दुसऱ्याच्या जखमेला हात लावता येत नाही. सुपरव्हिजनविना, एकट्याने, दिवसाला आठ-आठ माणसं पाहणारे मात्र लवकर कोमेजतात.

म्हणून महाविद्यालय निवडताना नावापेक्षा काही साध्या गोष्टी विचाराव्यात. प्रयोगशाळा आहे का, आणि तिथली चाचण्यांची पेटी उघडली जाते की कुलूपबंद असते? एम.ए.ला प्रत्यक्ष क्लायंटसोबत किती तास काम असतं, कुठल्या रुग्णालयात किंवा संस्थेत? त्या तासांवर देखरेख कोण करतं, आणि ती व्यक्ती स्वतः परिषदेकडे नोंदणीकृत आहे का? गेल्या दोन तुकड्यांतली मुलं आज काय करतात? अर्जाची मुदत संपायच्या आत एक दिवस काढून तिथे जाऊन यावं. प्रश्न मुलीलाच विचारू द्यावेत, आईवडिलांनी शेजारच्या खुर्चीत बसावं.