उसने अवसान



या वेळचा पाठ 'थकवा' या शब्दावर आणि त्याच्या भाईबंदांवर आहे. तो आम्ही पुस्तकातून काढलेला नाही. आमच्या मुलीच्या आजारपणात तो आम्हालाच शिकावा लागला. तिला विचारूनच हे लिहीत आहोत.

जानेवारी २०२२ मध्ये, ती सातवीत असताना, आमच्या घरी सगळ्यांना कोविड झाला. तिचा ताप तीन दिवसांत उतरला. आठवड्याने ती शाळेत गेली आणि आम्हाला वाटले, संपला विषय. पण मार्च उजाडला तरी शाळेतून आल्यावर ती बूटही न काढता जिन्याच्या पायरीवर बसून राही. वाचलेले पान पुन्हा वाचावे लागे. काय होतेय विचारले की एकच उत्तर : "आय ॲम टायर्ड." रक्ताच्या तपासण्या सगळ्या ठीक. एका डॉक्टरांनी 'शाळा टाळायची असेल' असे सुचवले. खरे सांगायचे तर आम्हीही तिला एकदोनदा आळशी म्हणालो. ते अजून आम्हाला बोचते.

सोलापूरच्या आजीने मात्र फोनवर उलटतपासणीच सुरू केली. "दमलीस म्हणजे नेमकं काय होतं गं? अंग मोडून येतं? कणकण वाटते? की नुसती मरगळ आहे?" नातीला यातले काही कळेना. मग आजीने एकेक शब्द समजावला आणि तिने वहीत उतरवला. थकवा कामाने येतो आणि झोपेने जातो. शीण प्रवासाचा, जागरणाचा. तो अंगाला असतो तसा मनालाही असतो. मरगळ म्हणजे कशातच उत्साह न वाटणे. कणकण म्हणजे आतून ताप आल्यासारखे वाटणे, मग थर्मामीटर काही का सांगेना. हातपाय गळून जाणे वेगळे आणि भोवळ येणे वेगळे.

आजीला हे सगळे ठाऊक होते, कारण २००६ च्या साथीत तिला चिकुनगुन्या झाला होता. ताप आठवड्यात गेला, पण सांधे पुढे कित्येक महिने धरलेले. सकाळी लाटणे हातात धरवत नसे. (हे नाव पूर्व आफ्रिकेतील माकोंदे लोकांच्या भाषेतले आहे. त्याचा अर्थ वाकून जाणे असा सांगतात. सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, त्याची साथ १९७३ सालीही येऊन गेली होती.) चिकुनगुन्या आणि कोविड हे आजार निराळे, त्यांचे विषाणू निराळे. पण ताप गेल्यावर घरचे विसरतात आणि दुखणाईत विसरू शकत नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

वही सुरू झाल्यावर आमच्यातला इंजिनियर जागा झाला. रोज काय केले आणि कोणता शब्द लागू पडला, अशी नोंद आम्ही ठेवू लागलो. २ एप्रिलला, शनिवारी, गुढीपाडवा होता. आपल्या शाळेच्या कार्यक्रमात ती हट्टाने लेझीम खेळली. रविवारी ठीक होती. आम्ही खूश! सोमवारी सकाळी दात घासता घासता ती मोरीतच खाली बसली आणि चार दिवस अंथरुणाला खिळली. मागची पाने चाळली तर प्रत्येक वाईट दिवसाच्या एक-दोन दिवस आधी असाच एक 'चांगला' दिवस सापडला. प्रोग्रॅममध्येही असेच होते. तो जिथे बंद पडतो तिथे चूक नसते, आधीच्याच कुठल्यातरी ओळीत असते. आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "अगं, हे उसनं अवसान! उसनं आणलं की फेडावं लागतं." डॉक्टरी भाषेत याला लांबलचक नाव आहे. आम्हाला आजीचेच पुरे वाटले.

त्यानंतर नियम ठरला : बरे वाटेल त्या दिवशीही जमेल त्याच्या अर्धेच करायचे. हे ऐकायला सोपे आहे. तेरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीच्या वाढदिवसाहून तासाभरात परत आणणे सोपे नाही. दोघींचे, म्हणजे तिचे आणि तिच्या आईचे, डोळे भरून यायचे.

'भोवळ' हा शब्दही उपयोगी पडला. दुसऱ्या डॉक्टरांना तिने 'टायर्ड' न म्हणता 'उभी राहिले की भोवळ येते' हे इंग्रजीत नीट सांगितले. त्यांनी तिला आधी आडवे आणि मग दहा मिनिटे उभे ठेवून नाडी मोजली. आडवे असताना ७४, उभे असताना ११८. या वयात उभे राहिल्यावर नाडी ४० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल तर त्याचा विचार करावा लागतो. उपाय म्हणून त्यांनी पाणी आणि मीठ वाढवायला सांगितले. एरवी लोणच्यावरून बोलणी खाणारी मुलगी हक्काने दुसरी फोड मागू लागली! (आपापल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्र कोणी हे करू नये.)

पालकांसाठी थोडे कामाचे. जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलांसाठी व्याख्या दिली. त्रास कोविडनंतर तीन महिन्यांच्या आत सुरू झालेला आणि निदान दोन महिने टिकलेला असला, तर तो कोविडचा मागे राहिलेला त्रास असू शकतो. येथे अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमाखाली अशा मुलांना शाळेत सवलती मिळू शकतात. आम्ही अर्जासोबत वहीतील नोंदींचे इंग्रजी भाषांतर जोडले. तिला कमी तास, परीक्षेला जादा वेळ आणि जिन्याऐवजी लिफ्टची किल्ली मिळाली. ती किल्ली सगळ्या वर्गात मोठ्या मानाची ठरली.

आता ती बरीच सुधारली आहे. लेझीम मात्र अजून अर्धीच खेळते आणि उरलेली बसून मोजते.

स्वाध्याय : (१) शीण, मरगळ, कणकण, भोवळ यांचा वाक्यांत उपयोग करा. (२) आजीला किंवा आजोबांना फोन करून, ताप गेल्यावरही रेंगाळलेल्या त्यांच्या एखाद्या आजाराविषयी विचारा. त्यांनी वापरलेला एक नवा शब्द पुढच्या रविवारी फळ्यावर लिहा.