इंजिनाचा दिवा कां लुकलुकला?

पुण्याच्या जोशी लघु-रेल्वे संग्रहालयास सहल जाऊन आल्यापासून आपल्या विज्ञान-मंडळाच्या मुलांना लहान आगगाडीचा नाद लागला, व गेल्या स्नेहसंमेलनांत त्यांनीं आपला स्वतःचा देखावा मांडला. ज्या पालकांनीं तो पाहिला त्यांना स्मरत असेल कीं, दोन इंजिनांपैकीं हिरव्या इंजिनाचा वेग वाढूं लागला म्हणजे त्याचा पुढचा दिवा पेटे, विझे, पुन्हां पेटे. पुष्कळांना ती मुद्दाम केलेली शोभा वाटली व त्यांनीं मुलांची पाठही थोपटली. वस्तुतः तो दोष होता, आणि तो कां उत्पन्न झाला हें त्या दिवशीं आमच्यापैकीं कोणासच ठाऊक नव्हतें. मुलांनीं हातांतला नियंत्रक बिघडला असें ठरविलें. एका सद्गृहस्थांनीं तर नवा आणून देण्याची तयारीही दाखविली. तो आणला असता तरी मूळ दोष तसाच राहिला असता व त्यांचे कित्येक हजार रुपये व्यर्थ गेले असते. म्हणून ही हकीकत येथें जरा विस्तारानें देत आहें.

प्रथम जुनी रीत पाहूं. पूर्वीच्या खेळण्यांत दोन रुळांमध्यें विजेचा जो दाब असे तोच इंजिनाच्या मोटारीस मिळे. दाब वाढविला कीं गाडी धांवे, कमी केला कीं मंदावे, आणि धन व ऋण यांची अदलाबदल केली कीं मागें फिरे. ह्या रीतींत अडचण अशी कीं, एकाच रुळावर दोन इंजिनें ठेवलीं तर तीं एकदमच धांवतात. नवी रीत, जिला डिजिटल कमांड कंट्रोल किंवा थोडक्यांत डीसीसी म्हणतात, ती ही अडचण दूर करते. हिच्यांत रुळांवरील दाब कायम असतो. मात्र त्याची दिशा क्षणोक्षणीं उलटत असते, आणि ह्या उलटण्याच्या तालांतच हुकूम गुंफलेला असतो. दिशा ५८ मायक्रोसेकंदांनीं उलटली तर तो ‘एक’. सुमारें १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांनीं उलटली तर तें ‘शून्य’. (सेकंदाच्या दहा लक्षांश भागास मायक्रोसेकंद म्हणतात.) प्रत्येक इंजिनाच्या पोटांत नखाएवढी एक पट्टी बसविलेली असते, ती डिकोडर. हजेरीच्या वेळीं गुरुजींनीं ‘सतरा’ म्हटलें कीं ज्याचा तो क्रमांक तोच विद्यार्थी उत्तर देतो. त्याचप्रमाणें हुकुमांतील क्रमांक आपला असेल तरच डिकोडर मोटार चालवितो, एरवीं स्वस्थ राहतो.

जर्मनींतील लेन्झ ह्या कारखान्याच्या पद्धतीवरून ही भाषा बसविली गेली, व अमेरिकेंतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ह्या संस्थेनें ती १९९४ सालीं प्रमाण म्हणून मान्य केली. तेव्हांपासून एका कारखान्याची पेटी व दुसऱ्याचा डिकोडर एकत्र नांदूं लागले. पण येथेंच पुष्कळांची समजूत घोटाळते. हें प्रमाण रूळ व डिकोडर यांच्यामधील भाषेचें आहे. हातांतला नियंत्रक आणि हुकूम रुळावर सोडणारी मुख्य पेटी, म्हणजे कमांड स्टेशन, यांना जोडणाऱ्या तारेंतून काय जावें हें निरनिराळ्या कारखान्यांनीं आपापल्या परीनें ठरविलें. लेन्झची व्यवस्था एक्सप्रेसनेट, तर अमेरिकेंतील डिजिट्रॅक्सची लोकोनेट. एकीचा नियंत्रक दुसरीच्या पेटीस सरळ जोडतां येत नाहीं. म्हणून नियंत्रक घेतांना तो आपल्या पेटीच्या जातीचा आहे कीं नाहीं हें विचारावें. डिकोडर घेतांना कारखाना पाहण्याचें कारण नाहीं. तो डीसीसीचा असला म्हणजे झालें. मेर्कलिन ह्या जर्मन कारखान्याची जुनी पद्धति मात्र अगदीं निराळी; केवळ तिचेच हुकूम जाणणारा डिकोडर डीसीसीच्या पेटीपुढें बहिरा ठरतो.

आतां दिव्याकडे वळूं. वेगाचा साधा हुकूम आठ अंकांचा असतो, व त्यांतील प्रत्येक अंक एक किंवा शून्य. पहिले दोन अंक ‘हा वेगाचा हुकूम आहे’ एवढेंच सांगतात. तिसरा दिशा दाखवितो. शेवटचे चार वेग दाखवितात. चार अंकांच्या एकंदर १६ जुळण्या होतात. त्यांतील एक ‘थांब’ व एक ‘तात्काळ थांब’ यांकरितां राखली कीं उरल्या १४. म्हणून जुन्या व्यवस्थेंत वेगाच्या चौदाच पायऱ्या. राहिला चौथा अंक. ह्या व्यवस्थेंत तो दिव्याच्या मालकीचा आहे: एक आला तर दिवा पेटवावा, शून्य आलें तर विझवावा. वेग अधिक बारकाईनें बदलतां यावा म्हणून जी दुसरी व्यवस्था केली, तींत हाच अंक दिव्याकडून काढून वेगास दिला. पांच अंकांच्या जुळण्या ३२, त्यांतील ४ थांबण्याच्या, बाकी २८. दिव्याकरितां स्वतंत्र हुकूम ठरला.

आमची पेटी २८ पायऱ्यांच्या रीतीनें बोलत होती, आणि हिरव्या इंजिनांतील डिकोडर १४ पायऱ्यांच्या रीतीनें ऐकत होता. वेग एक पायरी वाढविला कीं चौथा अंक शून्याचा एक होई. आणखी एक पायरी वाढविला कीं पुन्हां शून्य. बिचारा डिकोडर प्रत्येक वेळीं तो दिव्याचाच हुकूम समजून इमानानें पाळीत होता. ह्याच्या उलट, म्हणजे पेटी १४ ची व डिकोडर २८ चा, असता तर दिवा मुळींच पेटला नसता.

डिकोडरांत अनेक नोंदी सांठविलेल्या असतात. त्यांना सीव्ही म्हणतात, व प्रत्येकीस क्रमांक असतो. २९ व्या नोंदींत पुष्कळ गोष्टी एकाच संख्येंत सामावल्या आहेत: दिशा उलटवावयाची असल्यास १, पायऱ्या २८ करावयाच्या असल्यास २, जुन्या साध्या विजेवरही चालावयाचें असल्यास ४, मोठा क्रमांक वापरावयाचा असल्यास ३२, जें जें हवें त्याची बेरीज करावयाची. आमच्या डिकोडरांत ४ निघाले. त्याचे ६ केले, आणि दिवा स्थिर झाला. खर्च शून्य.

क्रमांकाविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. नव्या डिकोडराचा क्रमांक बहुधा ३ असतो. लहान क्रमांक १२७ पर्यंत व मोठे १०२३९ पर्यंत देतां येतात. परंतु कांहीं साधे नियंत्रक दोन अंकीच क्रमांक घेतात. तसेंच, आवाज काढणाऱ्या डिकोडरांत पुष्कळ करामती असतात. नियंत्रकावर तितक्या कळा नसतील तर शिट्टीचे पैसे देऊनही शिट्टी ऐकूं येत नाहीं.

विजेच्या कुवतीचा प्रश्न मात्र गंभीर, कारण येथें झालेली चूक दुरुस्त होत नाहीं. १:१६० प्रमाणाच्या चिमुकल्या इंजिनाकरितां केलेला डिकोडर एका विद्यार्थ्यानें १:८७ प्रमाणाच्या जुन्या इंजिनांत बसविला. मोकळ्या रुळावर तें सुरेख चाललें. मग वळणावर डबा घसरला, चाकें अडकलीं, आणि कोणी वीज बंद करण्यापूर्वींच करपल्याचा वास आला. फिरणारी मोटार स्वतःच उलट दाब उत्पन्न करते व प्रवाहास आवर घालते. ती अडली कीं हा आवर सुटतो व प्रवाह एकदम वाढतो. मागाहून मोजलें तेव्हां अडलेली मोटार १.४ अँपिअर घेत होती. डिकोडर होता ०.७ चा. खरेदीपूर्वीं हें माप घेणें सोपें आहे. १२ व्होल्टच्या साध्या विजेवर इंजिन ठेवून वाटेंत अँपिअरमापक जोडावा, चाकें क्षणभरच धरावीं, आणि कांटा कोठें जातो तें पाहावें. डिकोडराची कुवत त्याहून अधिक पाहिजे. जुन्या इंजिनांत मोटारीचें एक टोंक पुष्कळदां सांगाड्यास जोडलेलें असतें. तें सोडवून मोटार रुळांपासून पूर्ण अलग केल्याशिवाय डिकोडर बसवूं नये.

नोंदी बदलतांना इंजिन निराळ्या रुळावर घ्यावें, हेंही आम्हीं चुकूनच शिकलों. ह्या कामाचा हुकूम क्रमांक न पाहतां रुळावरील सर्वांस लागू होतो. मुख्य रुळावर प्रयोग केल्यामुळें आमचीं दोन्ही इंजिनें एकदम ७ क्रमांकाचीं झालीं. आतां तीं सुधारलीं आहेत. निळें इंजिन मात्र अद्याप ‘पुढें’ म्हटलें कीं मागें जातें. त्याच्या २९ व्या नोंदींत ६ आहेत, त्यांत १ मिळवावयाचा आहे. तें काम नववीच्या मुलांकडे सोंपविलें आहे.